रेगेबाईंचे पॉइंट

रेगेबाईंनी सात माणसांना स्वतःच्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर विमानाने घरी पाठवलं आणि आठव्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं. त्या आठव्याच्या मुलीचं लग्न होतं. पॉइंट शिल्लक होते, तिकिटापुरते होते, आणि तरी नाही. अबुधाबीच्या आमच्या लेबर कॅम्पात त्या आठवड्यात बाईंचं नाव ज्या शब्दांत घेतलं गेलं, ते मी इथे लिहिणार नाही. मी मात्र त्यांच्या बाजूने होतो, आणि तेच आज मला सगळ्यात जास्त टोचतं.

मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात आमच्या बांधकाम कंपनीचं ऑफिस होतं. चार पोर्टाकॅबिन एकमेकींना जोडून ते केलेलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांचा, कागदपत्रं सांभाळणारा क्लार्क. नलिनी रेगे ऑफिसच्या सेक्रेटरी. मॅनेजर खन्नासाहेबांसकट सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत. आम्ही मराठी माणसं 'बाई' म्हणायचो. त्या मला 'इचलकरंजी' म्हणत, कारण पहिल्या दिवशी गाव विचारल्यावर मी नावाआधी गाव सांगितलं होतं.

वय बावन्न, उंची बेताची, पाठ ताठ. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी एसीच्या भीतीने सुती साडीवर पुरुषी स्वेटर. टायपिंग मशिनवर शिकलेल्या, त्यामुळे कॉम्प्युटरचा कीबोर्डही त्या हाणायच्या. तीन कॅबिन पलीकडे कळायचं की पत्र चाललंय. खन्नासाहेबांनी सांगितलेलं पत्र त्या कधीकधी टाइप न करताच परत घेऊन जायच्या.

"सर, इसमें व्हर्ब नहीं है. ऐसा ही भेज दूँ?"

खन्नासाहेब हसायचे, पण हसताना त्यांचे कान लाल व्हायचे.

बाईंना बारीक अक्षर वाचायचं वेड होतं. दुधाच्या पावडरीच्या डब्यापासून विम्याच्या कागदापर्यंत हाती येईल त्याच्या तळाचा मजकूर त्या आधी वाचायच्या. टेबलाच्या खणात त्यासाठी भिंग होतं. "मोठ्या अक्षरात हे लोक नुसते ओरडतात रे," त्या म्हणायच्या. "बोलतात ते बारीक अक्षरात."

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. तेव्हा पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत बाईंच्या हातात क्रेडिट कार्ड दिसल्यावर मला बोलायला फार वेळ लागला नाही. कार्ड म्हणजे कर्जाचा फास, बँक माणसाला आधी उधार जगायला शिकवते आणि मग त्याचं जगणंच ताब्यात घेते, वगैरे. बाई पोळीचा तुकडा भाजीत बुडवून शांतपणे ऐकत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता ऐक. नऊ वर्षं कार्ड वापरतेय. बँकेला माझ्याकडून व्याजाचा एक फिल्स, म्हणजे इथला पैसासुद्धा मिळालेला नाही. उलट तीच मला दर दिरहमला एक पॉइंट देते. तीस हजार पॉइंट झाले की मुंबईचं जाण्यायेण्याचं तिकीट. आता सांग, फास कुणाला?"

"पण बाई, ते तिकीट फुकट नसतं. ज्यांना पैसे वेळेवर भरता येत नाहीत त्यांच्या व्याजातून ते निघतं. म्हणजे गरिबाच्या पैशांवर तुम्ही उडता."

त्यांनी घास तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे मला कधी सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आणि मग थोड्या वेळाने, "म्हणजे त्या विमानात गरीबच बसवायला हवा."

मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. गरिबाला विमानात बसवायचा उद्योग त्यांनी आधीच सुरू केला होता. मी त्याला फक्त एक कारण पुरवलं.

तो उद्योग असा. आमच्या कंपनीत चारपाचशे माणसं. सुतार, गवंडी, फिटर, परांची बांधणारे. सहाशे-सातशे दिरहम पगार, म्हणजे सात-आठ हजार रुपये. एवढ्या पगारावर कुठलीही बँक कार्ड देत नसे. पण दोन वर्षांनी गावी जाताना हीच माणसं सोनं घ्यायची, टीव्ही घ्यायची, शिलाई मशिन, मिक्सर, ब्लँकेटं घ्यायची, सगळं रोखीने. बाईंच्या मनात आलं, एवढा पैसा दुकानात जातोच आहे तर तो आपल्या कार्डावरून का जाऊ नये? रजेवर जाणारा माणूस रोकड बाईंच्या हातात द्यायचा, बाई दुकानात कार्ड द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती रोकड जशीच्या तशी बँकेत भरायच्या. पावतीच्या पाठीवर त्या माणसाचं नाव. "कार्ड माझं, खरेदी त्याची, पॉइंट सगळ्यांचे." हा त्यांचा नियम. पॉइंट पुरेसे झाले की तिकीट कुणाला, हे ठरवायची पद्धतही त्यांचीच. ज्याने सगळ्यात जास्त दिवस घर पाहिलं नाही, तो पहिला.

शुक्रवारी दुपारी मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर सोन्याच्या बाजारात गेलो. पुढे बाई, मागे धुतलेले शर्ट घातलेले चारपाच कोकणी गडी. तेव्हा कार्डावर कागद ठेवून हाताने सरकवायचं यंत्र असे, त्याचा खर्रक आवाज झाला की गडी एकमेकांकडे बघून हसायचे. एकदा सराफाच्या दुकानातल्या विक्रेत्याने बांगड्या तोलून झाल्यावर सांगितलं, "मॅडम, कार्ड पे दो परसेंट एक्स्ट्रा."

"क्यों?"

"बँक हमसे लेता है ना."

"तो बँक से झगड़ो. मुझसे क्यों?"

"सब देते हैं, मॅडम."

"सबने ये नहीं पढ़ा." बाईंनी पर्समधून बँकेची पुस्तिका काढली. तिच्यात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. दुकानदाराने ग्राहकाकडून वेगळे पैसे घेऊ नयेत, अशा अर्थाची ती ओळ. विक्रेत्याने ती वाचली, मालकाला दाखवली, मालकाने चष्मा लावून वाचली.

"आप वकील हैं?"

"टायपिस्ट."

बांगड्या बावीसशे दिरहमना मिळाल्या. "पंचवीस हजार रुपये," एक गडी मोठ्याने म्हणाला आणि त्याचा त्यालाच घाम फुटला. "आणि बावीसशे पॉइंट," बाई म्हणाल्या. "यल्ला, आता शिलाई मशिन."

आता कंपनीचं सांगितलं पाहिजे. प्रत्येक माणसाच्या करारात लिहिलेलं होतं की दर दोन वर्षांनी रजेवर जाण्यायेण्याचं तिकीट कंपनी देईल. तो उपकार नव्हता, पगाराइतकाच तो हक्क होता. पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि करार इंग्रजीत, त्यामुळे हक्काचा उच्चार करायला कुणी धजत नसे. धंदा जरा बसला की खन्नासाहेब तिकीट 'पुढच्या सीझनला' ढकलायचे. माणूस अडीच वर्षं, तीन वर्षं, साडेतीन वर्षं थांबायचा. एका सुताराचे वडील अंथरुणाला खिळले आणि कंपनी त्याला पुढचा सीझन दाखवत राहिली, तेव्हा बाईंनी पॉइंटांचं पहिलं तिकीट त्याला दिलं. तो पोचला तेव्हा वडील बोलत होते. त्याच्या हातचं पाणी प्याले. ही गोष्ट बाईंनी मला चारपाच वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी 'पाणी प्याले' यापाशी येऊन त्या थांबायच्या.

मग दुसरा, तिसरा. तिकीट आलं की बाई ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या माणसाला समारंभाने द्यायच्या. तो पाया पडायला वाकला की ओरडायच्या, "उठ आधी. बँकेच्या पाया पड." पाच वर्षांत सात माणसं गेली. मी वडिलांना पत्रात लिहिलं, की इथे संघटनेला बंदी आहे, पण एका बाईने प्लास्टिकच्या तुकड्यावर संघटना बांधली आहे. असलं लिहायला मला तेव्हा फार आवडायचं.

एका मार्चमध्ये छापखान्यातून रजेचे नवे फॉर्म आले. गठ्ठा सोडून एक प्रत मी बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सवयीने खालून वाचायला सुरुवात केली. तळाशी 'प्रवास' या शीर्षकाखाली तीन चौकटी होत्या. कंपनीचे तिकीट. पुढील सीझन. स्वतःची व्यवस्था.

"ही तिसरी चौकट कुठून आली?" बाईंनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्या फॉर्म घेऊन खन्नासाहेबांच्या कॅबिनमध्ये गेल्या. मी दाराशी फाइल घेऊन उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

खन्नासाहेब मोकळेपणाने बोलले. त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. पाच वर्षांत सात जण कंपनीच्या तिकिटाशिवाय गेले, कुणाचं काही अडलं नाही. मग आता ज्याला जमत असेल त्याने स्वतःची व्यवस्था करावी, जमत नसेल त्याने सीझनची वाट बघावी. हेड ऑफिसला आकडे आवडले होते.

"लेकिन काँट्रॅक्ट में लिखा है, सर."

"मॅडम, आयडिया तो आपकी है." आणि त्यांनी कपाटातून बाईंचीच जुनी फाइल काढली.

नऊ वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज. बाईंना तेव्हा पॉइंटांवरचं पहिलं तिकीट मिळालं होतं. एका प्रवासाला दोन तिकिटं घेणं त्यांना अप्रामाणिक वाटलं असणार. शिवाय अभिमानही असेलच, स्वतःच्या हुशारीने मिळवलेल्या तिकिटाचा. अर्जाच्या तळाशी त्यांच्या सुबक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं की कंपनीच्या तिकिटाची गरज नाही, मी स्वतःची व्यवस्था केली आहे. पुढच्या चारही रजांना तेच. कंपनीत ते शब्द सगळ्यात आधी बाईंनी लिहिले होते. कुणी मागितले नव्हते.

बाई बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या. कीबोर्डचा आवाज त्या दुपारी आलाच नाही.

"इचलकरंजी," जाताना त्या म्हणाल्या, "मी सात तिकिटं माणसांना दिली असं समजत होते. ती कंपनीला दिली." एवढं बोलून त्यांनी नवा नियम सांगितला. यापुढे पॉइंटांचं तिकीट घरी जाण्यासाठी मिळणार नाही. ते कंपनीने द्यायचं.

मी तर पेटून उठलो. हेच, अगदी हेच मी लहानपणापासून वाचत आलो होतो! दया दाखवणारा माणूस नकळत मालकाचं ओझं उचलतो, मालकाचे पैसे वाचवतो. बाईंना मी तसं म्हणालोही.

दहाच दिवसांनी दत्ता मांडवकर आला.

दत्ता परांची बांधायचा. गुहागरकडचा, पंचेचाळिशीचा, अंगाने काटक. पंधराव्या मजल्याबाहेर बांबू धरून उभा राहणारा हा माणूस ऑफिसात आला की दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा. तीन वर्षं दोन महिने त्याने घर पाहिलं नव्हतं. थोरल्या मुलीचं लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. बाईंच्या यादीत पुढचं नाव त्याचंच. पॉइंट एकतीस हजारांच्या वर होते.

"बाई, पत्रिकासुद्धा छापल्या," तो म्हणाला. "तिकिटाचं तेवढं करा."

"तिकीट खन्नाकडून घ्यायचं, दत्ता. तुझ्या करारात आहे. दोनदा ढकललंय त्यांनी. मी अर्ज लिहून देते, तू सही कर."

"साहेब म्हनाले, रजा हवी तर तिसऱ्या चौकटीत टिक कर."

"म्हणूनच करायची नाही."

"पन तुमच्याकडं तिकीट हाय ना?"

"आहे. देणार नाही."

दत्ताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो थोडा हसला. मग बाईंचा चेहरा बघून त्याने चौकट सोडली आणि निघून गेला.

तेराशे दिरहमचं तिकीट, म्हणजे पंधरा हजार रुपये. वर्गणी काढून झालं असतं, पण त्या वेळी दोन महिने पगारच झाला नव्हता. माझाही नाही. कॅम्पात एका खोलीत बारा माणसं, आणि सगळ्या खोल्यांमध्ये एकच विषय. बाईंना गर्व चढला. बाई साहेबाला फितूर झाल्या. बाईंना मूलबाळ नाही, त्यांना लेकीचं लग्न काय कळणार. बाईंच्या कानावर सगळं येत होतं. त्या शुक्रवारी बाजारात त्यांच्यामागे कुणीच गेलं नाही. त्या एकट्याच गेल्या, भाजी घेऊन परत आल्या.

मी मात्र कामाला लागलो होतो. कामगार खात्याकडे द्यायची तक्रार मी दोन पानी लिहिली. त्यात 'पिळवणूक' हा शब्द पाच वेळा होता. ती घेऊन मी दत्ताला जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं आणि वाचून दाखवली. बाई पलीकडे डबा खात होत्या. दत्ताने सगळी ऐकली.

"सही केली की नोकरी गेली," तो म्हणाला.

"नाही जाणार. आणि गेली तरी हा सगळ्यांचा प्रश्न आहे."

"तुझा बाप पत्रकं छापायचा म्हनतोस. त्यावर सही कोनाची असायची?"

"कमिटीची."

"हितं कमिटी कुठंय? मी एकटाच ना?" तो चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता. "लग्नाचं कर्ज माझ्या डोक्यावर, नोकरी माझी जानार, लग्नपन मीच चुकवायचं. तुझं काय जातंय रे बाबा?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं होतं आणि त्या दत्ताकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उशिरा आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असेल. विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन आल्या होत्या. दत्ताला साइटवरून बोलावून घेतलं आणि तिकीट त्याच्या हातात ठेवलं. या वेळी प्लास्टिकची पिशवी नव्हती.

"तिसऱ्या चौकटीत खूण कर आणि जा," त्या म्हणाल्या.

दत्ता गांगरला. "पन बाई, तुमचा नियम?"

"चूक माझी होती. ती मी तुझ्या मुलीच्या लग्नातून वसूल करायला निघाले होते. जा आता. लग्नात रडू नकोस, फोटो खराब येतात."

तो गेल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण बसलो नाही. म्हणालो, "बाई, म्हणजे खन्ना जिंकला."

"तुझी ती दोन पानं दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती भिंग न लावता वाचली. मग पाचही 'पिळवणूक' खोडल्या. दत्ताचं नाव खोडलं. उरलं ते अर्ध्या पानात बसलं आणि ते त्यांनी इंग्रजीत टाइप केलं. तीन कॅबिन पलीकडे ऐकू जाईल असं हाणून. मी, नलिनी रेगे, या कंपनीत अमुक वर्षं नोकरीला आहे. करारातल्या अमुक कलमाप्रमाणे मला दर दोन वर्षांनी तिकीट मिळायला हवं होतं. पाच वेळा मी माझ्या प्रवासाची सोय केली, म्हणून तो हक्क संपत नाही. ती पाच तिकिटं मला द्यावीत. माझ्या अर्जांवरून कंपनीने एक चौकट छापली आहे, तिची प्रत सोबत जोडली आहे. खाली सही.

आता मला भीती वाटली. बाईंच्या आईची औषधं ठाण्याला त्यांच्याच पैशांवर चालत. बावन्नाव्या वर्षी, आखातात, तक्रार करून नोकरी घालवलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं? मी म्हटलं, "बाई, सही माझी घ्या. मी तरुण आहे."

"तुझं कुठलं तिकीट राहिलंय? तुला तर दोन वर्षंही झाली नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तो कागद मी सुरू केला. सुरुवातीला माझी सही आहे ना? मग शेवटाला पण माझीच पाहिजे."

कामगार खात्यात त्या चार वेळा गेल्या. दर वेळी मला बरोबर नेलं, पण बोलू दिलं नाही. तिथला अधिकारी तरुण अमिराती होता. करार वाचून त्याने नवीन फॉर्म वाचला, आणि बोट तिसऱ्या चौकटीवर ठेवून खन्नासाहेबांना विचारलं, हे कुणी छापायला सांगितलं? खन्नासाहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "सुरुवात मी केली. छापलं यांनी." अधिकाऱ्याला हसू आवरेना. चौथ्या खेपेला त्याने कंपनीला सांगितलं की फॉर्म बदला आणि बाईंची पाच तिकिटं रोख द्या. "खलास," तो म्हणाला आणि फाइल मिटली.

कंपनीने दोन्ही गोष्टी केल्या. आणि त्याच आठवड्यात बाईंना महिन्याची नोटीस दिली. करारात तशी तरतूद होती, बाईंनीच मला ती ओळ दाखवली. माणसाला काढून टाकायची मुभा किती बारीक अक्षरात लिहिलेली असते!

पण जूनच्या पगाराबरोबर रजेवर जाणाऱ्या एकवीस माणसांना कंपनीची तिकिटं मिळाली. सगळ्यांना नाही, चौघांची ढकललीच. त्या चौघांना बाईंनी जायच्या आधी एकेक अर्धं पान टाइप करून दिलं. तिघांनी सही केली. एकाने घडी करून खिशात ठेवलं.

शेवटच्या दिवशी बाई खन्नासाहेबांकडे पासपोर्ट आणि परतीचं तिकीट मागायला गेल्या. नोकरी संपली की घरी पाठवायचं तिकीट कंपनीकडेच असतं. खन्नासाहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं, म्हणून त्यांनी थट्टा करून पाहिली. "मॅडम, आपके पास तो पॉइंट होते हैं."

"होते हैं, सर. टिकट दीजिए."

दत्ता बाईंच्या विमानाच्या आदल्याच दिवशी रजेवरून परतला होता. लाडवांचा डबा आणि लग्नाचे फोटो घेऊन तो विमानतळावर आला. दुपारचं विमान होतं, बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. बाई सामानाच्या ढकलगाडीला रेलून फोटो बघू लागल्या.

"हा कोण मधेच आडवा आलाय?"

"व्याही हाय."

"प्रत्येक फोटोत?"

"हौशी मानूस हाय, बाई."

बाई पुढचा फोटो काढून बराच वेळ बघत राहिल्या. त्यात दत्ता मुलीच्या मागे उभा होता, नव्या टोपीत, ताठ. "बरा आलायस," त्या म्हणाल्या. "रडला नाहीस."

"फोटो काढून झाल्यावर रडलो." मग त्याने मान खाली घातली. "बाई, मी सही केली असती तर तुमची नोकरी..."

"तू सही केली असतीस तर या फोटोत व्याही एकटाच असता. लाडू किती आहेत?"

"पन्नास."

"वजन वाढेल. दहा दे, बाकीचे कॅम्पात वाट." लाडू मोजून घेऊन त्या काउंटरवर गेल्या. आम्ही दोघं दोरीच्या अलीकडे, ऐकू येईल इतक्या अंतरावर उभे होतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, माइलेज का मेंबर नंबर है?"

माइलेज म्हणजे प्रवासाच्या मैलांवर विमान कंपनी देते ते पॉइंट. मला वाटलं, आता बाई नाही म्हणतील. इतकं सगळं झाल्यावर त्या हिशेबाचा कंटाळा आला असेल. बाईंनी नंबर तोंडपाठ सांगितला, अकरा आकडे, सावकाश.

मुलगी म्हणाली, "मॅडम, ये टिकट कंपनी का है, सस्ता वाला. इसमें आधे ही माइल्स मिलते हैं."

"मालूम है. पढ़ा है मैंने," बाई म्हणाल्या. "टिकट कंपनी का है, लेकिन बैठूँगी तो मैं ना? आधे तो आधे. लिखो."

मुलीने बोर्डिंग कार्ड दिलं आणि छोट्या तुकड्याकडे बोट दाखवून सांगितलं, की माइल्स जमा होईपर्यंत हा जपून ठेवा. बाईंनी पर्स उघडली, बंद केली. पर्समध्ये तो चुरगळला असता. मागे वळून त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली. हात हलवता आला नाही, कारण एका हातात लाडवांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत, घडी न घालता धरलेला तो कागदाचा तुकडा. तो तसाच छातीशी धरून त्या पासपोर्टच्या रांगेत शिरल्या.

"आता कुनाला पाठवनार त्या, तिथं तर सगळे घरीच असनार?" दत्ताने विचारलं.

रांग पुढे सरकली आणि त्या दिसेनाशा झाल्या.